आत्या सांगलीत आणि आम्ही लॉजवर

लेक आठ महिन्यांची झाली, माझी रजा संपत आली, आणि सोमवारी शाळेत हजर व्हायचं ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, शुक्रवारी दुकान बंद ठेवा. दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊ. तुम्ही, मी आणि ही."

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

माझ्या नवऱ्याचं कोरेगावात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा चालू करून देतो. त्यामुळे कुठल्याही बेतात आधी बिघाड कुठं आहे ते शोधायची त्याला सवय आहे. महाबळेश्वर म्हटलं तर घाटात पोरगी ओकणार. गोवा म्हटलं तर लांब. पुणे म्हटलं तर, "पुण्याला माणसं कामाला जातात गं, फिरायला कोण जातं?" शेवटी त्यानंच शोधून काढलं. कोरेगावच्या स्टेशनात गाडीत बसायचं आणि सांगलीत उतरायचं. घाट नाही, मधे गाडी बदलायची नाही.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सांगली? फिरायला? हळद विकत घ्यायची आहे का?"

पण मला काही बघायचं नव्हतंच. मला घराबाहेर पडायचं होतं. आमच्या घरात सासू, सासरे, खालच्या मजल्यावर चुलत सासू-सासरे, आणि ह्या सगळ्यांचा पोरीवर एवढा जीव की ती माझ्याकडे फक्त दूध प्यायला आणि रडायला येते. ती शिंकली तर पाच मतं येतात आणि माझं सहावं, तेही कुणी विचारलं तर. मी वाईची. कोरेगावात लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी "तुमच्या वाईला असंच करतात व्हय?" हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतंच. माणसं वाईट नाहीत, फार चांगली आहेत. चांगल्या माणसांपासूनही कधीतरी दोन दिवस सुट्टी लागते, एवढंच.

अडचण एकच होती. नवऱ्याची सख्खी आत्या सांगलीत राहते. विश्रामबागेकडे तिचं स्वतःचं घर आहे. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात ती आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, असे दोघंच. आत्याचं घर गावात असताना लॉजवर उतरणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच.

"आत्याकडे गेलो तर तेच होणार," मी म्हटलं. "मी स्वयंपाकघरात, तुम्ही मामांबरोबर ओट्यावर, आणि पोरगी शेजारीपाजारी."

नवऱ्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "लॉज मंडईजवळ घेऊ. विश्रामबागेतनं आत्या कशाला येतीय तिकडं? रविवारी परत निघताना तासभर तिच्याकडं जाऊ, म्हणजे खोटंही होणार नाही."

सासूबाईंना सांगताना मात्र त्यानं घोळ घातला. त्या म्हणाल्या, "सांगलीला निघालाय तर वन्संच्या घरी घेवडा न्या." आणि हा नुसती मान हलवून "व्हय" म्हणाला. त्या "व्हय"चा अर्थ सासूबाईंनी त्यांना हवा तसा घेतला आणि आम्ही तो घेऊ दिला. पाच किलो वाघ्या घेवड्याची पिशवी आमच्या सामानात येऊन पडली. शिवाय जायफळ, वेखंड, सहाण, दोन कानटोप्या, आणि पोरीच्या जन्माच्या वेळी आत्यांनी स्वतः शिवून पाठवलेलं दुपटं. दोन दिवसांसाठी आमच्या पाच पिशव्या झाल्या. त्यातली माझ्या कपड्यांची एकच, तीही सगळ्यात लहान.

गाडीत समोर एक म्हातारे शेतकरी बसले होते, भिलवडीला उतरणारे. पोरगी रहिमतपूर यायच्या आधीच त्यांच्या मांडीवर गेली आणि त्यांचा चष्मा ओढायला लागली.

"कुणाकडं निघालाय?" त्यांनी विचारलं.

"फिरायला," नवरा म्हणाला. "लॉजवर उतरणार आहोत."

"सांगलीत कुणी न्हाई व्हय तुमचं?" त्यांनी इतक्या कळवळ्यानं विचारलं की नवऱ्याला राहवलं नाही.

"हाय की. आत्या हाय."

म्हाताऱ्यांनी चष्मा पोरीच्या हातातून सोडवून घेतला, नाकावर ठेवला आणि आम्हा दोघांकडे नीट बघितलं. "भांडण झालंय का?"

"छे छे! लय चांगली हाय आत्या."

"मग?" ते म्हणाले. भिलवडीपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो. उतरताना त्यांनी मलाच समजावलं, "भांडण मिटवून टाका बाई. लेकराचं तोंड बघून कोनबी मिटवतं."

लॉज साधा होता, पण स्वच्छ. मॅनेजर साठीकडे झुकलेले, स्वेटर घातलेले गृहस्थ. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. 'येण्याचं कारण' ह्या रकान्याशी पेन थांबलं. "लग्नकार्य? दवाखाना?"

"फिरायला," मी म्हटलं.

त्यांनी पोरीकडे, पाच पिशव्यांकडे आणि त्यातून डोकावणाऱ्या सहाणेकडे बघितलं आणि लिहिलं : खाजगी.

खोली पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी. पांढरीशुभ्र चादर. मी दार लावून घेतलं आणि पलंगावर आडवी पडले. कुणी काही म्हणालं नाही. ह्या आनंदात दोन मिनिटं गेली असतील, तेवढ्यात नवरा वर बघत म्हणाला, "ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

"असू दे."

"आवाज ऐक की. कट्, कट्, कट्. झोप लागणार न्हाई."

"मला लागेल."

पाच मिनिटांत तो खाली जाऊन मॅनेजरकडून स्क्रूड्रायव्हर आणि स्टूल घेऊन आला. लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या खऱ्या सहलीचा पहिला तास मी स्टूल धरून उभी होते. पोरगी पलंगावर बसून टाळ्या वाजवत होती. टाळ्या वाजवता वाजवताच तिनं ते पांढऱ्याशुभ्र चादरीवर अंथरलेलं दुपटं ओलं केलं. चादर वाचली. दुपटं मी धुतलं आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकलं.

संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. वाईच्या घाटावर वाढलेल्या बाईला दुसऱ्या गावातली कृष्णा दाखवायची म्हणजे नवऱ्याचं धाडसच. मी म्हटलं, "आमच्याकडून आलेलं पाणी आहे हे." तो म्हणाला, "म्हणूनच गढूळ हाय." आम्ही भडंग खाल्लं. पोरीनं नदीकडे अजिबात बघितलं नाही, एका शेळीकडे मात्र अर्धा तास बघितलं. खूप दिवसांनी आम्ही दोघं सलग बोललो. बोललो पोरीबद्दलच, पण मधे कुणी दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आणि शनिवारी सांगलीत बाजार असतो, ही गोष्ट नवऱ्याच्या हिशेबातून राहून गेली होती.

सकाळी साडेनऊला दार वाजलं. नवरा न्हाणीघरात होता. मला वाटलं चहा आला. दार उघडलं, तर हातात मेथी आणि वांग्यांची पिशवी घेऊन आत्या उभ्या. जिना चढून धाप लागलेली.

"हितंच हाईसा न्हवं?" त्या म्हणाल्या आणि आत आल्या. सरळ गॅलरीत गेल्या, कठड्यावरचं दुपटं ओढून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे काय हाय?"

"दुपटं," मी म्हटलं.

"माझी पोपटी इरकल हाय ही. लगीन झाल्यावर पयल्या दिवाळीला ह्यांनी घेतल्याली. फाटंस्तवर नेसले आन् मग तुझ्या लेकीसाठी शिवलं. रस्त्यातनं जाताना वर बघितलं तर माझी साडी लॉजच्या गॅलरीत! मला वाटलं चोरीला गेलं का काय. खाली त्या मॅनेजरला इचारलं, तर म्हणतोय कोरेगावची पार्टी हाय, नवराबायकू आन् लेकरू."

एवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. टॉवेल गुंडाळलेला, कानाला साबणाचा फेस लागलेला नवरा बाहेर आला, आत्याला बघून तसाच आत गेला आणि त्यानं कडी लावली.

"भाईर ये!" आत्या गरजल्या.

"कापडं बाहेर हायत," आतून आवाज आला.

मी कपडे आत दिले. तो बाहेर येईपर्यंत आत्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या आणि पोरगी त्यांच्या पिशवीतली मेथी उपसत होती. राग तेवढ्यात ओसरला होता, आणि रागाच्या खाली जे होतं ते बघणं जास्त जड गेलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "का रं, माझ्या घरी काय कमी पडलं? दोन खोल्या रिकाम्या हायत. लेक पुण्यासनं सहा महिन्यानं येतोय. पाळणा तसाच टांगून ठेवलाय मी, कुणीतरी येईल म्हणून. आन् तू हितं?"

"अगं आत्या, तसं न्हाई—"

"मग कसं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मोटारीतला बिघाड शोधणारा माणूस, पण असल्या वेळी तो बायकोकडेच बघतो. मी खाली, त्यांच्या पायाशी बसले.

"आत्या, चूक माझी आहे. तुमच्या घरात काही कमी नाही. मला दोन दिवस कुणाचंच घर नको होतं. कुणाच्याही घरी गेलं की मला सून व्हावं लागतं. सोमवारपासून शाळा आहे, त्याआधी मला नुसतं पडून राहायचं होतं."

बोलून गेले आणि वाटलं, आता हे कोरेगावला पोचणार. आत्या पोरीच्या तोंडातलं मेथीचं पान काढत बसल्या. मग खोलीवर नजर फिरवली. पंखा, चादर, टेबलावरची बेल.

"त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"बेल. दाबली की चहा वर येतो."

"कोन करतं?"

"खाली करतात."

त्यांनी बेल दाबली नाही, नुसतं बोट ठेवलं. "आन् पानी?"

"नळाला गरम येतं. चोवीस तास."

"बंब न्हाई पेटवायचा?"

"नाही."

आत्या उठून न्हाणीघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, पुन्हा सोडल्याचा आला. बाहेर आल्या त्या ओला हात पदराला पुसत. "मी लॉज आतनं कवाच बघितला न्हवता," म्हणाल्या. "ह्यांच्या आपरेशनला मिरजंला म्हयनाभर दवाखान्यात व्हते, तेवढंच घर सोडून भाईर. न्हाईतर जायाचं ते कुणाच्या तरी घरी. आन् घरी गेलं की पयली पदर खोचून भाकरी थापायची. पाव्हनी म्हणून गेले तरी."

मग त्या एकदम म्हणाल्या, "तुमी दोघं जावा भाईर. लेकरू ऱ्हाऊ दे हितं. चार तास तोंड दाखवू नका."

"पण आत्या, घरी मामा..."

त्यांनी कमरेचा मोबाइल काढला. "आवं, ऐकलं का? दुपारी माझी वाट बघू नका. भाकरी डब्यात हायत, आमटी गरम करून घ्या. कुठं म्हंजे? लॉजवर हाय मी." एवढं बोलल्यावर त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "येड्यावानी वरडू नका. कोरेगावची पोरं आल्यात." आणि फोन ठेवून दिला.

आम्ही रस्त्यावर आलो. हात रिकामे. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही दोघं कुठंही, कसंही जाऊ शकत होतो, आणि आम्ही लॉजच्या समोर पानटपरीपाशी उभे होतो. मी म्हटलं, "रडत असेल का?" तो म्हणाला, "आवाज येत न्हाई." पुढे गेलो, कापडपेठेत एका दुकानात शिरलो. मला साडी बघायची होती. बघितले लहान मुलांचे मोजे. मग एका हॉटेलात मिसळ खाल्ली. मिसळ खाताना नवऱ्याचा डावा पाय सारखा हलत होता. पोरीला पायावर घेऊन झोपवायची सवय. मी त्याला दाखवलं. तो लाजला, पाय थांबवला आणि थोड्या वेळानं पाय पुन्हा हलायला लागला.

तास होत आला तेव्हा दोघांची पावलं आपोआप लॉजकडे वळली. पलीकडच्या बाजूनं वर बघितलं. गॅलरीत खुर्ची टाकून आत्या बसल्या होत्या. केस धुऊन मोकळे सोडलेले, हातात कपबशी, मांडीवर पोरगी आडवी झोपलेली. आत्या बाजाराकडे बघत होत्या, आणि बाजारात असून त्यांना काही विकत घ्यायचं नव्हतं. आम्ही वर गेलो नाही. एका सिनेमाची तिकिटं काढली. सिनेमा कसा होता ते सांगता येणार नाही. मध्यंतरात कुणीतरी माझा पाय ओलांडून गेलं तेव्हा मी जागी झाले, आणि नवरा तर तेव्हाही झाला नाही.

चार तासांनी खोलीत शिरलो तर तिथं मामा होते. आमटी गरम करायची सोडून आत्यांना न्यायला आले होते. पांढरा पायजमा, टोपी, साखर कारखान्यातून रिटायर झालेला कडक माणूस. पण आत्ता ते टेकून बसले होते, हातात चहा.

"लय वेळा बेल वाजवली हिनं," ते माझ्याकडे तक्रार करत म्हणाले. "तिसरा चहा हाय हा."

"तो मॅनेजर वडूजकडचा हाय," आत्या म्हणाल्या. "आपल्या थोरल्या जावंच्या माहेरचं गाव. काय बी लागलं तर सांगा म्हणलाय." मग त्यांनी मामांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "घरी कुनी न्हाई. दूध फ्रीजमधी हाय, पाळणा माजघरात हाय. तुला कुणाचं घर नगं व्हतं न्हवं? मग तितं जाऊन ऱ्हावा. सून बिन कुनी व्हायचं न्हाई, बघायलाच कोन न्हाई. आमी हितं ऱ्हातो."

"आमी?" मामा म्हणाले.

"व्हय, आमी."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माझी कापडं न्हाईत हितं."

"मी पाठवते," मी इतक्या घाईनं म्हटलं की आत्यांना हसू आलं.

अशा रीतीनं घेवड्यासकट आमच्या चार पिशव्या घेऊन आम्ही रिक्षानं विश्रामबागेत गेलो. पाचवी पिशवी लॉजवरच राहिली हे नंतर लक्षात आलं, आणि ती अर्थातच माझ्या कपड्यांची होती. नवरा मामांचे कपडे पोचवायला गेला तेव्हा घेऊन आला.

आत्यांचं घर मी आधी पाहिलं होतं, पण नेहमी माणसांनी भरलेलं. आता ते गप्प होतं. पोरगी पाळण्यात पडली तशी झोपली. मी दुपारी साडेचारला आत्यांच्या पलंगावर पडले आणि दिवेलागणीला उठले. उठले तर नवऱ्यानं चहा केला होता आणि आत्यांचा मिक्सर उघडून बसला होता. त्याची सुट्टी तीच असावी. आम्ही मुगाची खिचडी केली आणि जमिनीवर पातेल्याभोवती बसून जेवलो, ताटं न घेता. हे सासूबाईंनी बघितलं असतं तर वाईचं नाव पुन्हा निघालं असतं.

आणि नेमका तेव्हाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्यानं घाईनं पातेलं बाजूला सारून फोन धरला. त्यांनी मागची फळी, फळीवरचे डबे ओळखले. चेहरा खुलला.

"वन्संकडंच हायसा न्हवं? बरं झालं. बोलव त्यास्नी."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी पोरीकडे बघायला लागले.

"आत्या न्हाई घरात," तो म्हणाला. "मामांबरोबर फिरायला गेलीय."

"ह्या टायमाला? दोघंच?"

"व्हय. दोघंच."

सासूबाईंनी मागे वळून सासऱ्यांना हाक मारली, "ऐकलं का, वन्सं आन् भाऊजी फिरायला गेल्यात," आणि कॉल चालू असतानाच तिकडे काहीतरी बोलणं सुरू झालं. आम्ही तो हळूच बंद केला.

रविवारी सकाळी किल्ली द्यायला लॉजवर जाणार होतो, पण मामांचाच फोन आला, मी स्टेशनात येतो म्हणाले. आले ते इस्त्रीच्या शर्टात, एकटे. हातात कोरेगावसाठी बेदाण्याची पुडी.

"आत्या?" मी विचारलं.

"झोपलीय." त्यांनी पोरीला घेतलं. तिनं लगेच टोपी ओढली, त्यांनी ओढू दिली. रुळांकडे बघत म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं आज पयल्यांदा मी तिच्या आधी उठलो. उठवावं का न्हाई तेच कळंना. बसलो आपला खुर्चीत."

गाडी आली. त्यांनी किल्ली खिशात टाकली, पिशव्या वर दिल्या, पोरीला दारातून माझ्या हातात दिलं, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. आम्हाला वाटलं गाडी सुटेपर्यंत थांबतील. पण ते घड्याळ बघत वळले.

"निघतो," म्हणाले. "धा वाजता नाश्ता बंद करत्यात."